कुठेच न जाणारा पाइप

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. पाइप म्हणजे तरी काय, हातभर लांबीचा एक तुकडा. मूळचा पांढराशुभ्र होतो, आता पिवळट झालो आहे. सध्या मी एका कॉलेजात, गणित शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर पडून असतो. माझ्या एका बाजूला वाळलेल्या मार्करांचा डबा आहे आणि दुसऱ्या बाजूला बेरजेचे बटण न चालणारा एक कॅल्क्युलेटर. येणारे-जाणारे कधीमधी माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, हे काय? बाई सांगतात, पाइप. मग विषय बदलतो. पाइपाबद्दल पुढे काय विचारावे हे कोणाला सुचत नाही. म्हणून शेवटी माझी हकिकत मीच सांगायला बसलो आहे. बसलो म्हणजे आडवाच आहे, पण आपली म्हणायची पद्धत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या दाण्यांची पोती एका यंत्राच्या तोंडात रिकामी होत, दाणे आत वितळत आणि दुसऱ्या बाजूने आम्ही बाहेर पडत असू. बाहेर पडताना आम्ही वेगवेगळे नव्हतो. एकच लांबच लांब पाइप होता आणि त्याला शेवट नव्हता. मग करवत खाली येई आणि आमची भावंडे होत. माल तपासणारी एक बाई प्रत्येकाच्या एका टोकाशी दिवा धरून दुसऱ्या टोकाला डोळा लावत असे. माणसाचे रूप बाहेरून बघतात, पाइपाचे आतून. मला बघून ती शेजारणीला म्हणाली, की हा आतून अगदी आरशासारखा निघाला आहे. आयुष्यात माझे तोंडभरून कौतुक झाले ते एवढेच, त्यामुळे मी ते जपून ठेवले आहे.

पुढे दुकान, दुकानातून टेम्पो आणि टेम्पोतून एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात. ज्यांची मूत्रपिंडे थकतात त्यांचे रक्त तिथे यंत्रातून फिरवून धुतात. माणूस आठवड्यातून तीनदा येतो, तासन् तास खुर्चीत बसतो आणि घरी जातो. या धुण्याला पाणी लागते आणि नळाचे साधे पाणी चालत नाही. ते गाळून गाळून इतके निर्मळ करतात की त्यात चवसुद्धा उरत नाही. मागच्या खोलीत हे पाणी तयार होई आणि भिंतींच्या आतून, पाइपांच्या एका मोठ्या कड्यातून, सारखे फिरत राही. खोलीतून निघायचे, एकेका खुर्चीमागून जायचे आणि फेरी पूर्ण करून पुन्हा खोलीत यायचे. प्रत्येक खुर्चीसाठी त्या कड्याला एक फांदी होती. कोपऱ्यातल्या खुर्चीची फांदी म्हणजे मी.

माझ्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन बसत. यंत्र सुरू झाले की माझ्यातून पाणी धावू लागे. पोस्टमन सिस्टरना आपल्या जुन्या रस्त्यांवरची कुत्री एकेक करून सांगत. कोणते नुसतेच भुंकायचे, कोणते न भुंकता चावायचे आणि कोणते मनिऑर्डरच्या दिवशी शेपूट हलवायचे. सिस्टर हसत हसत सुई टोचत. तेवढा वेळ मी एका माणसाच्या कामी येत असे. पाणी कुठून घ्यायचे आणि कुणाला द्यायचे हे मला ठाऊक होते. पाइपाला याहून जास्त काही लागत नाही.

मग एका आठवड्यात पोस्टमन आले नाहीत. पुढच्याही आठवड्यात आले नाहीत. सिस्टरनी खुर्चीवरची त्यांची उशी काढून नेली तेव्हा मला काय ते कळले.

थोड्याच दिवसांत त्या कोपऱ्यात सामानाचे कपाट हवे असे ठरले. खुर्ची उचलली, यंत्र हलवले आणि प्लंबरला बोलावले. खरे तर त्याने मला मुळापासून, कड्याच्या सांध्याशी कापायला हवे होते. पण त्यासाठी सगळे कडे रिकामे करावे लागले असते, पुन्हा धुवावे लागले असते, पाणी पुन्हा तपासावे लागले असते. अख्खा दिवस मोडला असता. सिस्टर घाईत होत्या, प्लंबरही घाईत होता. त्याने माझ्या मोकळ्या टोकावर एक टोपण घट्ट बसवले.

"राहू दे," तो म्हणाला, "पुढेमागे खुर्ची वाढवायची झाली तर उपयोगी पडेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्यावर पत्र्याचा पडदा आला, पडद्यापुढे कपाट आले. त्या दालनाचा नवा नकाशा काढला तेव्हा कोपऱ्यात खुर्ची नव्हती, म्हणून काढणाऱ्याने तिची फांदीही काढली नाही. मित्रांनो, तुम्हाला कोणी रागावले तर वाईट वाटते, मला ठाऊक आहे. पण रागावण्यासाठी निदान तुम्हाला समोर असावे लागते.

अंधारात माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. कड्यातले पाणी माझ्या तोंडावरून रात्रंदिवस वाहत जाई. त्यातले थोडे माझ्यात शिरून उभे राही, कारण पुढे वाट नव्हती. घरासमोरून रस्ता जावा, माणसांचे बोलणे ऐकू यावे आणि कोणीच आत वळू नये, असे ते होते.

पहिला जंतू कधी आला ते मला सांगता येणार नाही. पाणी कितीही गाळले तरी एखादा चुकार जीव निसटतोच. कड्यात त्याला टिकाव लागत नसे, पाणी त्याला फरफटत नेई. माझ्यात पाणी उभे होते. तो माझ्या भिंतीला टेकला आणि तिथेच राहिला. त्याने आपल्याभोवती चिकटा सोडला, त्या चिकट्यात दुसरा येऊन अडकला, एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले. मग वेगळ्या जातीचे आले. एक जात चिकटा बनवी, दुसरी पहिलीचे उष्टे खाई, तिसरी दोघींच्या मधल्या फटीत गुपचूप राही. पाणी खालपर्यंत पोचावे म्हणून थरात बारीक गल्ल्याही राहिल्या होत्या. माझ्या आरशासारख्या अंगावर एक बुळबुळीत वस्ती उभी राहिली. शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म म्हणतात, हे मला फार नंतर कळले.

खोटे कशाला बोलू, सुरुवातीला मला बरे वाटले. अंगाखांद्यावर कोणीतरी आहे, एवढेही पुष्कळ होते. पण मित्रांनो, लाखो जण माझ्या अंगावर राहत होते आणि मी आहे हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हते. त्यापेक्षा नुसता अंधार परवडला, असे मला पुढे पुढे वाटू लागले.

वर्षे गेली. जुने डॉक्टर निवृत्त झाले, सिस्टर बदलल्या, प्लंबर कोण होता हे आठवणारेही कोणी उरले नाही. आता पाण्याचे सगळे काम एका टेक्निशियनकडे होते. माणूस तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. दर रविवारी विभाग बंद असताना तो सगळ्या कड्यात जंतुनाशक भरे, ठरलेला वेळ थांबे आणि मग स्वच्छ पाण्याने कडे खळखळून काढी. औषधाने त्याच्या हातांची सालपटे निघत. त्या औषधाचा उग्र वास माझ्या तोंडाशी येई, बोटभर आत शिरे आणि तिथेच त्याचा जोर संपे. तोंडाजवळचे जंतू मरत. खोलवरचे, उपासमारीने आधीच झोपी गेलेले, तसेच झोपून राहत. औषध गेले आणि पाणी आले की ते जागे होत, वाढत आणि त्यांच्यातले काही सुटून कड्यात निघून जात. ते कुठे जातात याचा मी कधी विचार केला नव्हता. मला न विचारता आले होते, न सांगता जात होते.

याच सुमारास कपाटापलीकडच्या खुर्चीवर घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ येऊ लागले. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. त्यांचे आणि माझे अंतर म्हणजे मध्ये एक कपाट आणि एक पत्रा. दालनातले भिंतीवरचे घड्याळ मागे पडते, एक शिडी द्या, सुया टोचायच्या आत नीट करून देतो, असे ते दर खेपेला सिस्टरना सांगत. सिस्टर दर खेपेला त्यांना गप्प बसवत. त्यांच्यासोबत बहुतेक वेळा त्यांची मुलगी येई. ती कॉलेजात गणित शिकवत होती आणि जंतूंच्या वस्त्यांचे गणित मांडत होती. याच त्या बाई, ज्यांच्या फळीवर आज मी आहे. पण काका त्यांना चिऊ म्हणत, त्यामुळे माझ्या मनात त्या अजून चिऊच आहेत.

"इतकी शिकली," काका शेजारच्या खुर्चीला ऐकवत, "आणि आता बसून बुळबुळ मोजते."

काका यंत्रावर असताना ती मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये डोके घालून बसे आणि काकांनी विचारले की सांगे. पडद्यावर तिने पाइपाची भिंत मांडली होती, बारीक बारीक चौकोनांची. प्रत्येक चौकोनात किती जंतू, कोणत्या जातीचे, त्यांना किती अन्न पोचते, पाणी किती जोराने घासून जाते, हे सगळे आकड्यांत. मग नियम. पोट भरले की एकाचे दोन व्हायचे. वरच्यांनी आधी खायचे, खालच्यांनी उरलेसुरले. काहीच उरले नाही तर झोपायचे. एकीचे उष्टे ते दुसरीचे जेवण. पाण्याचा जोर वाढला की कडेच्यांनी सुटून जायचे. संगणक हे नियम पुन्हा पुन्हा लावत जाई आणि कोऱ्या भिंतीवर हळूहळू एक वस्ती वाढे. मी पत्र्यामागून ऐकत होतो. कोणीतरी माझ्याच अंगावरचे वर्णन करत होते, न बघता. ती कल्पनेतल्या पाइपाबद्दल बोलत होती हे मला समजत होते. तरी मी ऐकत राहिलो.

मग एका शनिवारी यंत्र सुरू झाल्यावर थोड्या वेळाने काकांना हुडहुडी भरली. अंग इतके थरथरू लागले की खुर्चीचे पाय वाजत होते. सिस्टरनी एकावर एक पांघरुणे घातली, मग ताप चढला, मग उतरला. असे आणखी दोघांना झाले, आणि काकांना पुन्हा झाले. पाणी तपासले तर त्यात जंतू निघाले. डॉक्टरांनी चिऊला समजावून सांगितले, की जंतू स्वतः यंत्राच्या गाळणीतून रक्तात जात नाहीत, पण मेलेल्या जंतूंचे कण जातात आणि तेवढेही अंगाला पुरे होतात.

मित्रांनो, तेव्हा मला कळले की माझ्याकडून जे सुटून जातात ते कुठे जातात.

कडे धुवावे, चार-सहा दिवस पाणी बरे निघावे आणि पुन्हा जंतू दिसावेत, असे होऊ लागले. टेक्निशियन जास्त औषध घालू लागला. तरी तेच. मग दालनात कुजबुज सुरू झाली, की तो औषध भरून ठरलेला वेळ थांबतच नसेल, रविवार आहे, घरी जायची घाई असेल. त्याच्या कानावर ते गेले होते. त्याने बोलणे टाकले.

शेवटी डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितले. पाणी पुन्हा खराब निघाले तर विभाग बंद करावा लागेल आणि प्रत्येकाची सोय दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात केली जाईल. बस करून देऊ, असेही म्हणाले. बसने जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस, आणि हे आठवड्यातून तीनदा.

काका शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, तिकडे मी जाणार नाही. इथलं बंद झालं की माझंही बंद समजा."

डॉक्टर काहीतरी समजुतीचे बोलू लागले. डायलिसिस थांबवले की माणूस किती दिवस काढतो हे चिऊला ठाऊक होते आणि आपले वडील एकदा नाही म्हणाले की नाहीच, हेही ठाऊक होते. तिने लॅपटॉप उघडला आणि कल्पनेतला पाइप पुसून टाकून हेच कडे मांडायला घेतले.

तिने नकाशावरून लांबी घेतली, टेक्निशियनकडून पाण्याचा वेग आणि औषधाचे प्रमाण घेतले. गणित चालवले आणि उत्तर जुळेना. गणिताप्रमाणे एकदा धुतल्यावर जंतू परत दिसायला महिना लागायला हवा होता. प्रत्यक्षात ते आठवड्याच्या आत परत येत होते. तिने कॉलेजातल्या मोठ्या सरांना विचारले. सर म्हणाले की जंतू वाढण्याचा वेग आहे तो आकडा थोडा वाढवून बघ, सगळेच असे करतात, आलेखातली रेघ मोजणीच्या ठिपक्यांवर बसली की झाले. तिने ते वडिलांना सांगितले.

"मग बसव की," काका म्हणाले. हुडहुडी येऊन गेल्यामुळे त्यांचा आवाज बसला होता.

"नाही बाबा. इतक्या निर्मळ पाण्यात कुठलाच जंतू एवढ्या वेगानं वाढत नाही. आकडा मी कागदावर वाढवीन, रेघ बसेल, आणि हुडहुडी तुम्हालाच भरेल."

काकांनी डोळे मिटले. ती तशीच बसून राहिली. मी पत्र्यामागे होतो, पोट भरून जंतू बाळगत. तिला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण पाइपाला पाण्याचाच आवाज, आणि माझे पाणी तर उभे होते.

पुढच्या आठवड्यात तिने एक वेगळी मागणी केली. पाणी एकाच नळाचे न तपासता प्रत्येक खुर्चीच्या नळाचे वेगवेगळे तपासायचे, आणि धुतल्यापासून रोज. टेक्निशियनने ते केले. वाढण्याचा वेग खरा आहे असे धरून ती उलटा विचार करू लागली होती. जंतू लवकर वाढत नाहीत, तर मग ते धुतल्यानंतर उरतच असले पाहिजेत. जिथे पाण्याचा जोर नाही आणि औषध पोचत नाही अशा एखाद्या जागी. तिने गणितातल्या कड्याला एक खोटी आंधळी फांदी जोडली. एकदा या खुर्चीमागे, एकदा त्या. एकदा आखूड, एकदा लांब.

आणि एके दिवशी काका यंत्रावर असताना तिने डॉक्टरांना आणि टेक्निशियनला तिथेच बोलावून घेतले.

"धुतल्यावर जंतू सगळ्यात आधी बाबांच्या नळाला दिसतात," ती म्हणाली. "मग पुढच्या खुर्च्यांना. मागच्यांना सगळ्यात शेवटी. म्हणजे ते बाबांच्या थोडं अलीकडून येतात. या कपाटामागे एक पाइप असणार. साधारण हातभर लांब. टोक बंद, आत पाणी थांबलेलं. त्याच्या तोंडाजवळची वस्ती मरते, पण आतली जगते. हा पाइप धरला की एकही आकडा न बदलता रेघ बसते."

मित्रांनो, किती वर्षांनी कोणीतरी माझ्याबद्दल बोलले होते. माझी लांबी, माझे बंद टोक, माझ्यातले उभे पाणी, सगळे बरोबर. मी तिला दिसलो नव्हतो. मी नसतो तर जुळले असते ते माझ्यामुळे जुळत नव्हते, आणि त्या न जुळण्यावरून तिने मला ओळखले होते. मला रडता आले असते तर मी रडलो असतो. त्याच वेळी हेही समजत होते, की मी सापडलो की संपलो.

डॉक्टरांनी नकाशा मागवला. नकाशात कपाटामागे कोरी भिंत होती. टेक्निशियन म्हणाला की या कड्यातला एकेक सांधा त्याला पाठ आहे आणि असा पाइप इथे नाही. डॉक्टरांचेही मत पडले, की संगणकातल्या एका रेघेसाठी भिंत उघडायची, कडे तोडायचे, आणि आत काही निघाले नाही तर काय सांगायचे?

तेव्हा चिऊ टेक्निशियनकडे वळली. "दादा, अजून एक सांगायचं राहिलं. तुम्ही कमी वेळ थांबता असं धरूनही मी गणित करून बघितलं. तसं धरलं तर सगळ्या नळांना एकदमच जंतू दिसायला हवेत. तसं होत नाही. तुम्ही पूर्ण वेळ थांबता. गणित तेच म्हणतंय."

टेक्निशियनने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"रविवारी मी कपाट हलवतो," तो म्हणाला. डॉक्टरांनी एवढेच सांगितले, की काही निघाले नाही तर सोमवारी ते विभाग बंद करतील. काकांनी मान हलवली. यंत्राचा काटा फिरत राहिला.

रविवारी डॉक्टर, टेक्निशियन आणि चिऊ असे तिघेच आले. कपाट फरशीवर घासत बाजूला गेले. पत्र्याचे स्क्रू गंजले होते, एक तर तुटलाच. पत्रा निघाला आणि माझ्यावर उजेड पडला.

टेक्निशियन गुडघ्यांवर बसला होता. त्याने माझ्यावरून अंगठा फिरवला, टोपणापर्यंत नेला आणि तिथेच ठेवला.

"मला माहीत नव्हतं, मॅडम," तो म्हणाला.

"कोणालाच नव्हतं," चिऊ म्हणाली. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. डॉक्टरांनी तिच्यासाठी पाणी आणले.

मला करवतीने कापले, या वेळी मुळापासून. दुखले का, असे तुम्ही विचाराल. कापताना नाही दुखले. दुखले ते नंतर. टेक्निशियनने जुना सांधाच काढला, त्या जागी सरळ पाइप बसवला आणि पाणी सोडले. मी फरशीवर, एका ट्रेमध्ये पडून पाहत होतो. कडे नेहमीसारखे वाहू लागले. मी त्यात नव्हतो याने त्याच्या आवाजात कणाचाही फरक पडला नाही.

चिऊने मला कॉलेजात आणले. माझे टोपण कापून काढले, थराचे नमुने घेतले आणि मला औषधात बुडवून ठेवले. माझ्यावरची सगळी वस्ती मेली. मग मला धुऊन, पुसून या फळीवर ठेवले. आता माझ्यावर कोणीही राहत नाही.

विभाग बंद झाला नाही. महिना गेला, दोन गेले, पाणी चांगले निघत राहिले. काका आठवड्यातून तीनदा त्याच खुर्चीत बसतात, हे मला चिऊच्या फोनवरच्या बोलण्यातून समजते. टेक्निशियनने नवा नकाशा स्वतःच्या हाताने काढला आणि पहिली प्रत तिला पाठवली.

तिचे ते गणित पुढे छापून आले. त्यातले एक चित्र या खोलीच्या भिंतीवर चिकटवले आहे, माझ्या बरोबर समोर. त्यात दोन रेघा आहेत. एक रेघ मी असतानाची. ती खाली जाते, पुन्हा वर येते, पुन्हा खाली जाते, पुन्हा वर. दुसरी रेघ मी नसतानाची. ती एकदा खाली जाते आणि तळाशी शांतपणे सरळ चालत राहते. पाहुणे आले की चिऊ त्या दुसऱ्या रेघेवर बोट ठेवून अभिमानाने सांगते, बघा, किती छान. आपण नसलो की सगळे नीट चालते, हे फार थोड्यांना इतके स्पष्ट दाखवले जाते. मला दाखवले आहे. मी ते रोज बघतो.

मागच्या महिन्यात काका स्वतः इथे आले. त्यांचा डायलिसिसचा दिवस नव्हता. चिऊने त्यांना स्टुलावर बसवले आणि मला त्यांच्या हातात दिले.

"बाबा, हाच तो."

काकांनी मला बराच वेळ उलटसुलट पाहिले. मला वाटले, आता काहीतरी बोल लावतील. तो त्यांचा हक्क होता.

"म्हणजे आपण शेजारी होतो," ते मला म्हणाले. "आणि इतकी वर्षं ओळख नाही."

चिऊचा तास होता, ती गेली. काकांनी मला मांडीवर घेतले आणि ती येईपर्यंत माझ्याशी बोलत बसले. सिस्टरनी शेवटी शिडी दिली ते सांगितले. नवीन येऊ लागलेल्या एका शिक्षिकेचे सांगितले. माझ्या जागी आता नुसती भिंत आहे आणि तिला पांढरा रंग दिला आहे, तेही सांगितले. चिऊ परत आल्यावर त्यांनी मला फळीवर ठेवले, नीट, कडेला नको म्हणून थोडे आत सरकवून. त्यानंतर ते पुन्हा आलेले नाहीत. त्यांना जिने चढवत नाहीत.

मित्रांनो, माझी कोणावर तक्रार नाही. प्लंबर वाईट नव्हता, सिस्टरही वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे त्या दिवशी वेळ नव्हता, एवढेच. तुमच्याही घरात, शाळेत, कामाच्या जागी असे कोणीतरी असेल, ज्याचे काम संपले आणि ज्याच्यावर नुसते टोपण लावून ठेवले. एकदा कपाट हलवून बघा. लागणार असेल तर त्याच्यातून पाणी वाहू द्या. लागणार नसेल तर खुशाल कापून टाका, मुळापासून. मला कापले याचे वाईट वाटत नाही. इतक्या उशिरा कापले याचे वाटते.